अश्विनच्या वहीतलं पान

अकोला
१९ नोव्हेंबर २०२३

बाबा,

जय भीम.

या व्यसनमुक्ती केंद्रात येऊन अकरा दिवस झाले. त्यातले पहिले पाच सोडून द्या, तेव्हा मी माणसांत नव्हते. अंग ठणकत होतं, ओकाऱ्या थांबत नव्हत्या, नाकाडोळ्यांतून सारखं पाणी. नर्स असल्यामुळे यातलं काय कधी सुरू होणार आणि कधी थांबणार ते मला पाठ होतं, तरी तिसऱ्या दिवशी मी वच्छलाताईंच्या पायांना मिठी मारली आणि म्हटलं, "एकच द्या. शेवटचं." वच्छलाताई इथं समुपदेशक आहेत. बारा वर्षांपूर्वी त्या स्वतःच दारू सोडायला इथं भरती झाल्या होत्या. त्यांनी पाय सोडवून घेतला नाही. अर्धा तास तशाच उभ्या राहिल्या, आणि दिलं काही नाही.

पहिले पंचेचाळीस दिवस फोन बंद असतो. आठवड्याला एक पत्र चालतं. ताई म्हणतात, "घरी लिहिशील तर सगळं सरळ लिही, वाचणाऱ्याले काहीच माहीत नाही असं समजून लिही." म्हणून लिहिते. माझा नवरा, तुमचा मुलगा अश्विन, बारा फेब्रुवारीला तोंडाच्या कॅन्सरनं गेला. त्यानंतर मी दुखणं मारायच्या इंजेक्शनांवर जगत होते. अमरावतीच्या ज्या दवाखान्यात मी सिस्टर होते तिथल्याच वॉर्डातली इंजेक्शनं मी चोरत होते. मेट्रनबाईंना कुणीतरी चिठ्ठी लिहिली, त्यांनी माझी पर्स तपासली, दोन निघाली. पोलिसांत देत नाही, पण भरती हो, असं त्यांनी सांगितलं. नोकरी गेली. हे एवढं लिहायला मला पाऊण तास लागला.

ती चिठ्ठी आचलनं लिहिली हे मला माहीत आहे. धामणगावहून येऊन माझ्या कपाटात हात घालणारी तीच एक. सख्खी नणंद, पण मी तिला माफ करणार नाही.

प्रणालीला तुम्ही काय सांगितलं? ती जेवते का?

संध्या

&nbsp;

बडनेरा
२६/११/२३

संध्या बेटा,

तुझं पत्र भेटलं. मले पुस्तकी मराठी येत नाई, बोलतो तसंच लेहतो, सांभाळून घे.

प्रणाली जेवते. माझ्या हातच्या पोळ्या पाहून पयल्या दिवशी म्हने, "आजोबा, हा कोनत्या राज्याचा नकाशा हाय?" आता सुधरून राहिल्या. वेण्या मात्र मले जमत नाई. एकतीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समन होतो, हजार गाड्या बरोबर रुळावर घातल्या, पन या पोट्टीचे केस काई रुळावर येत नाईत. एक वेणी कानाजवळ जाते, दुसरी मानेवर. शाळेतल्या मॅडमनं विचारलं, "कोण घालते वेण्या?" तर हे पोट्टी म्हने, "रेल्वे."

तिले सांगतलं का आई ट्रेनिंगले गेली. तिनं विचारलं, "कायचं ट्रेनिंग?" मी म्हटलं, "लय अवघड."

तू पाय धरल्याचं वाचलं अन् मी पत्र घडी करून ठेवलं. संध्याकाळी वापस काढून पुरं वाचलं. तू लेहत जा. मी वाचीन.

आचलवर राग धरू नको. ते दर रविवारी पॅसेंजरनं येऊन पोरीचं धुणं-भांडं, डबा करून जाते.

तुझे बाबा
श्रावण तायडे

&nbsp;

अकोला
६ डिसेंबर २०२३

बाबा,

जय भीम.

आज सहा डिसेंबर. दरवर्षी तुम्ही दादरला चैत्यभूमीवर असता. यंदा प्रणालीसाठी थांबला असाल, हे सकाळी वंदना घेताना लक्षात आलं. आम्ही इथं मेणबत्ती लावली. बायकांच्या वॉर्डात आम्ही चौघी आहोत. एक गांजाची, एक दारूची, एक झोपेच्या गोळ्यांची आणि मी.

अठ्ठावीस दिवस झाले. भूक लागते आता. परवा भाजीत मीठ कमी म्हणून मी भांडले, तर ताई टाळ्या वाजवायला लागल्या. "जीभ जागी झाली," म्हणाल्या.

पण गटात बसून बोलायची वेळ आली की मी अर्धंच बोलते. 'आपण कुणाला दुखावलं' ते सांगायचं असतं. बाकीच्या सांगतात, रडतात, मोकळ्या होतात. मी म्हणते, "माझ्या पेशंटांना." ते खरं आहे. पण पुरतं खरं नाही. असो.

राग धरू नको, असं तुम्ही सहज लिहिलंत. बाबा, मी ठरवलंय. इथून सुटले की अकोल्यातच खोली घेणार, प्रणालीला घेऊन येणार, आणि आचलनं आमच्या दारात पाय ठेवायचा नाही. तिनं तोंडावर सांगितलं असतं तर मी दोन शिव्या दिल्या असत्या, पण ऐकलं असतं. पाठीमागून चिठ्ठी लिहिणाऱ्याला मी माणूस म्हणत नाही. हे तिला वाचून दाखवा.

संध्या

&nbsp;

बडनेरा
१४/१२/२३

संध्या,

आचलले वाचून दाखवत नाई. कारन ते चिठ्ठी तिनं लेहली नाई. मी लेहली.

दोन नोव्हेंबरची गोष्ट. तू ड्युटीवरून येऊन प्रणालीले शिकवणीहून आनून राहिली होती. मी जुन्या वस्तीच्या चौकात भाजी घेत होतो. तुझी स्कूटी समोरून आली. तुझी मान खाली पडली होती. पोट्टी मागून तुझा दुपट्टा ओढून ओरडून राहिली, "आई! आई!" ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक दाबला. माझ्या हातातली थैली पडली. ट्रक अन् स्कूटीच्या मधात हातभर जागा राहिली असन, जास्त नाई. तू डोळे उघडले, स्कूटी सरळ केली अन् निघून गेली. जसं काई झालंच नाई.

घरी आलो तर तू म्हनते, "बाबा, आज भाजी नाई आनली?"

मले तवाच बोलाचं होतं. दोन दिवस मी दारापर्यंत येऊन वापस गेलो. तुझ्या तोंडावर सांगाची माझी हिंमत झाली नाई. म्हनून मेट्रनबाईले लेहलं. खाली नाव घातलं होतं मी, त्या बाईनं तुले सांगतलं नाई एवढंच.

मले मानूस म्हनू नको. पन पोरीच्या आत्याले तोडू नको.

श्रावण

&nbsp;

बडनेरा
८ जानेवारी २०२४

संध्या बेटा,

चिठ्ठीचं सांगतल्यापासून हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हीचं उत्तर नाई. फोन आता चालू झाला म्हनते, पन तू घेत नाई. केंद्रात विचारलं तर वच्छलाबाई एवढंच म्हनाल्या, "आहे, बरी आहे, तिले वेळ द्या." देतो.

प्रणालीले लेहाचं होतं. कागद तिलेच दिला. मी वाचला नाई, तिनं घडी करून डिंक लावून देल्ला.

श्रावण

_प्रिय आई, मला माहीत आहे की ते ट्रेनिंग नाही. राधिकाच्या काकाला पण तिथंच नेलं होतं. तो बरा झाला. माझा चित्रकलेत दुसरा नंबर आला. आत्या आता मला फ्रेंच वेणी घालून देते. आजोबा रात्री बाबांच्या फोटोला गुड नाइट म्हणतात. एक गुपित सांगू? आजोबा अजून तो तंबाखूचा खर्रा खातात. पाण्याच्या टाकीमागे विटेखाली पुड्या आहेत. मी मोजल्या, चार. मी सांगितलं असं सांगू नकोस. तू लवकर ये. नाही जमलं तर उशिरा ये पण ये. तुझी प्रणाली, इयत्ता चौथी, ब._

&nbsp;

अकोला
२० जानेवारी २०२४

बाबा,

तुमचं पत्र सतरा डिसेंबरला मिळालं. वाचलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी केंद्रातून बाहेर पडले. मागच्या दारानं, कुणाला न सांगता. चालत बसस्टँडवर गेले. समोर औषधांची दोन दुकानं होती. मला कुठं काय मिळतं हे ओळखायला पाटी लागत नाही. ब्लाउजात दोनशे रुपये होते. पहिल्या दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवला होता.

तेवढ्यात मला वाटलं, तो ट्रक आठवून पाहावा. कोणत्या रंगाचा होता? प्रणालीनं कोणता फ्रॉक घातला होता? मला काहीच आठवेना. तुम्ही भाजी आणली नाही, ते आठवत होतं. ट्रक नाही. माझी मुलगी मरता मरता वाचली, मी तिथं होते आणि मला ते माहीत नाही. बाबा, मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. अश्विनचा रिपोर्ट आला तेव्हाही नाही.

मी पाय खाली घेतला. एका कंडक्टरचा फोन मागून वच्छलाताईंना लावला. त्या ऑटो घेऊन आल्या. रागावल्या नाहीत. वाटेत दोन कप चहा पाजला आणि म्हणाल्या, "दिवस मोडला नाही तुझा. एकोणचाळीसच धर."

आज त्र्याहत्तर आहेत.

महिनाभर लिहिलं नाही ते रागानं नाही. राग बसस्टँडवरच गेला. तुम्ही खरं सांगितलंत, आणि आता माझी पाळी होती. ते जमत नव्हतं. काल गटात पहिल्यांदा बोलले. ताई म्हणाल्या, हे ज्याला सांगायचं त्याला सांग.

डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून अश्विनला घरी पाठवलं. दुखू नये म्हणून दिवसाला तीन इंजेक्शनं लिहून दिली होती. घरात नर्स मीच. पहिल्या आठवड्यात एका दुपारी, दोन रात्रींच्या जागरणानंतर, सिरिंज भरताना माझा डोळा लागत होता. वाटलं, मी पडले तर याचं कोण करणार? त्याला देऊन थोडं उरवलं आणि मी घेतलं. अंगातलं सगळं दुःख कुणी हातानं पुसून काढावं तसं झालं. मग रोज थोडं. शेवटच्या बारा-तेरा दिवसांत दुपारचं अर्धं त्याला, अर्धं मला. दुपारी तो कण्हायचा ना बाबा, तुम्ही त्याचे पाय चोळत बसायचे आणि मला विचारायचे, "याले काहून आराम पडत नाई?" मी म्हणायचे, "आजार वाढला."

आजार नव्हता. मी होते.

तुम्ही मला घरात घेऊ नका म्हणालात तरी मी समजेन. प्रणालीला मात्र भेटू द्या.

संध्या

&nbsp;

बडनेरा
२८ जानेवारी २०२४

संध्या,

हे पत्र पुरं वाच. मधात सोडून बसस्टँडवर जाऊ नको.

मले माहीत होतं.

पयल्यांदा पाहिलं ते जानेवारीतली दुपार होती. दार पुरं लागलं नव्हतं. मी पानी घेऊन आलो अन् तू स्वतःच्या मांडीले इंजेक्शन देऊन राहिली होती. मी उलट्या पावली गेलो. तुले काई बोललो नाई. काहून, ते आयक. अश्विनच्या गालाची जखम तू रोज तीन बार धुवत होती. मी तीन बार प्रयत्न केला अन् तीनही बार मोरीत जाऊन ओकलो. बाप असून. तू गेली असती, का तुले रागावलो असतो अन् तू हात टेकले असते, तर मी काय करनार होतो? मले तुझी गरज होती. म्हनून मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याच्या दुपारच्या कन्हन्यात माझा बी वाटा हाय. तू एकलीनं तो घेऊ नको.

अन् अजून एक. अश्विनले माहीत होतं.

तोंडानं बोलनं बंद झाल्यावर तो वहीत लेहून द्याचा, तुले आठवते. जायच्या चार दिवस आधी मले खुणेनं बोलावलं, वही मांगतली अन् दोन ओळी लेहल्या. ते पान मी फाडून घेतलं अन् माझ्या सर्व्हिस बुकात ठेवलं. आज या पत्रात घालून राहिलो. त्याच्या हातचं हाय, जपून ठेव.

एक वर्ष हे पान तुले काहून दाखवलं नाई, ते तुले दुसरी ओळ वाचून समजन. पयली तुले दाखवाची तर दुसरी बी दाखवा लागे. पान फाडून अर्धं देणं माझ्यानं झालं नाई. माझ्या पोरानं मरता मरता मले एकच गोष्ट मांगतली, अन् मी ते अजून केली नाई. अश्विननं पयला खर्रा माझ्याच पुडीतून खाल्ला. चौदा वर्षांचा होता. माझा डबा घेऊन स्टेशनवर आला होता, मी हसत हसत चिमूटभर देल्ला, "चाख, मर्द व्हशील." सोबतचे सारे हसले. मी बी हसलो.

तू पेशंटची चोर अन् मी माझ्याच लेकराचा. आता तू सांग कोनी कोनाले घरात घ्याचं.

बाबा

_(वहीतलं पान)_

_संध्याला रागावू नका. तिला झोपू द्या._
_बाबा तुम्ही खर्रा सोडा._

&nbsp;

अकोला
११ फेब्रुवारी २०२४

बाबा,

पान मिळालं. दोन दिवस मी ते उशीखाली ठेवून झोपले. झोपले, बाबा. गोळीशिवाय, सलग सात तास.

उद्या अश्विनला वर्ष होतं. पुण्यानुमोदनाला मला इथून एक दिवस सोडणार आहेत, वच्छलाताई सोबत येतील. गेल्या वर्षी तो गेला त्या दिवशी मी रडले नव्हते. लोक म्हणाले, केवढी खंबीर आहे. खंबीर कुठली, माझ्या अंगात औषध होतं. त्याच्यासाठी पहिल्यांदा रडले ते आत्ता, हे पान वाचून, बायकांच्या वॉर्डात, तीन बायांच्या मांडीवर आळीपाळीनं. वर्षभर उशिरा का होईना, पण शुद्धीत.

दोन्ही ओळी तुमच्यासाठी होत्या. पहिली तुम्ही पाळलीत, कधी एका शब्दानं रागावला नाहीत. दुसरी राहिली आहे. पाण्याच्या टाकीमागे विटेखाली काय आहे ते मला कुणी सांगितलं हे विचारू नका.

मी इथं रोज एक दिवस मोजते. तुम्ही तिथं मोजा. आठवड्याला आकडा कळवायचा. खोटा आकडा चालणार नाही, मी नर्स आहे आणि व्यसनी आहे, मला दोन्हीकडून कळतं.

संध्या

&nbsp;

बडनेरा
२० मार्च २०२४

संध्या बेटा,

आकडा सोळा.

याच्या आधी तीन बार मोजनी सुरू केली. पयल्या बारले एक दिवस, दुसऱ्या बारले चार, तिसऱ्या बारले साडेनऊ तास. साडेनऊ तास म्हनजे लय होते, तुले कळन. चार मार्चपासून नाई.

मले वाटत होतं, चिमूटभर तंबाखू-सुपारी, त्यात काय? तुझं मोठं व्यसन, माझी सवय. आता समजलं. हात आपोआप खिशात जाते. डोकं ठणकते. पोरीवर खेकसलो एकदा, मंग तिच्याच पाया पडलो. ते म्हने, "आजोबा, सोप खा." बडीशेप खाऊन खाऊन माझ्या तोंडाले हॉटेलचा वास येऊन राहिला. खिशात फुटाने ठेवतो. चौकातल्या पानठेल्यासमोरून जात नाई, मागच्या गल्लीतून लांबून जातो. शेजारचा किसनराव म्हनते, "श्रावण, या वयात सोडून काय अमर होते काय?" मी म्हटलं, "मले अमर नाई व्हाचं, पत्रात आकडा लेहाचा हाय."

एका रात्री लय तलफ आली. वाटलं तुले फोन करावा, पन लाज वाटली. मंग मले आठवलं का तू बाईचे पाय धरले होते अन् ते मले लेहून कळवलं होतं. मंग केला फोन. तू 'हॅलो' म्हनायच्या आधी मी रडलो, ते लेहून ठेवतो. मोबाइलवर काई राहत नाई.

बाबा

&nbsp;

अकोला
२ जून २०२४

बाबा,

आधी आकडा. माझे दोनशे सात.

आता बातमी. मला नोकरी लागली!

गेले चार महिने मी केंद्रातच नव्या बायकांची मदतनीस होते, ते तुम्हाला माहीत आहे. परवा इथल्या एका छोट्या दवाखान्यात मुलाखतीला गेले. वीस खाटा, डॉक्टर शेखर म्हणून एक वयस्कर गृहस्थ. कागद पाहून त्यांनी विचारलं, "चौदा वर्षांचा अनुभव. मग अमरावतीची नोकरी का सोडली?" मी आधीच उत्तर पाठ करून गेले होते, घरगुती अडचण म्हणून. अडचण तर होतीच, खोटं नव्हतं. तोंड उघडलं आणि निघालं ते दुसरंच. "सोडली नाही सर, काढलं. मी वॉर्डातली इंजेक्शनं चोरून घेत होते. दोनशे पाच दिवस झाले बंद आहे."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "हे मला का सांगता? मी विचारलं नव्हतं."

मी म्हटलं, "उद्या कुणी चिठ्ठी लिहिली तर तुम्हाला ती जुनी बातमी असावी म्हणून."

ते मोठ्यानं हसले, बाबा. मग गंभीर होऊन म्हणाले, कळवतो. मी परत येताना स्वतःला चार शिव्या दिल्या. काल फोन आला. अटी आहेत. महिन्याला तपासणी. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे नाही, दुखण्याची इंजेक्शनं दुसरी सिस्टर देईल. ही दुसरी अट त्यांनी घालायच्या आधी मीच घातली. मला ठाऊक आहे मी कुठं घसरते, आणि हे सांगताना आता मान खाली जात नाही.

केंद्राजवळ एक खोली घेतली आहे. शाळा उघडायच्या आधी प्रणालीला आणायचं म्हणते. आचलला फोन केला होता. म्हटलं, "ताई, मी तुमच्याबद्दल महिनाभर वाईट बोलत होते, सांगायला एवढा उशीर केला, माफ करा." तर म्हणाल्या, "मले बाबानं सांगतलं होतं. मी वाट पाहून राहिली होती तू कवा कबूल करतं याची. आता पडदे कोणत्या रंगाचे लावू, ते सांग." त्याच प्रणालीला सोडायला येणार आहेत, पडद्यांसकट.

तुम्ही आकडा कळवायचा विसरलात या आठवड्यात. विसरलात ना?

संध्या

&nbsp;

बडनेरा
१० जुलै २०२४

संध्या बेटा,

आकडा एकशे अठ्ठावीस. त्या आठवड्यात मोडला नव्हता. मी दुसरंच काई लपवून होतो, म्हनून लेहलं नाई. आता सांगतो, कारन आता सांगन्यासारखं हाय.

मार्चात सोप खाता खाता जिभेले गालाच्या आतून खरबरीत लागलं. आरशात पाहिलं तर पांढरा चट्टा, रुपयाएवढा. अश्विनले सुरू झालं तवा तसाच होता. मी कोनाले बोललो नाई. तुले सांगतलं असतं तर तू सारं सोडून धावत आली असती. मेच्या शेवटी आचलले घेऊन अमरावतीले डॉक्टरकडे गेलो. त्यानं तुकडा काढून तपासाले पाठवला. ते आठ दिवस कसे काढले ते मलेच माहीत. त्या आठ दिवसांत जर खाल्ला नाई, तर आता जन्मात खात नाई.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाई. डॉक्टर म्हने, "आजोबा, बंद ठेवलं तर जाईन हा चट्टा. चालू ठेवलं असतं तर दोन वर्षांत मी तुमाले वेगळी गोष्ट सांगतली असती." काल वापस दाखवलं. अर्ध्याच्या वर गेला. डॉक्टरनं दुसऱ्या पेशंटले बोलावून माझं तोंड दाखवलं, "हे पाहा, सोडलं का असं होते." साऱ्या ओपीडीसमोर मी आ करून बसलो होतो, पन छाती फुगली होती माझी.

रिपोर्ट घेऊन बाहेर आलो अन् जिन्यावर बसून रडलो. आचलले वाटलं खुशीनं. खुशी होतीच. पन मले अश्विन पाह्यजे होता. त्याले सांगाचं होतं का बाप्पा, पाह्य, केलं मी.

पोट्टीबिगर घर मोठं झालं. पन मी पडून राहत नाई. सकाई दोन पोळ्या करतो, आता गोल येतात, अन् नेमक्या पाहाले कोनी नाई.

बाबा

&nbsp;

अकोला
२४ नोव्हेंबर २०२४

बाबा,

आठ तारखेला माझं वर्ष झालं, तेव्हा तुम्ही केंद्रात माइक हातात घेऊन बोललात. "मी श्रावण तायडे, रिटायर पॉइंट्समन, दोनशे एकोणपन्नास दिवस." आणि मग तोंड उघडून साऱ्या सभागृहाला गाल दाखवायला लागलात. प्रणालीनं डोळ्यांवर हात घेतले होते, पण बोटांच्या फटीतून पाहत होती. तिथल्या माणसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला मिळालेलं पदक तुम्हाला द्यावं असं वाटलं, पण दिलं नाही. कष्टाचं आहे.

हे पत्र दुसऱ्या गोष्टीसाठी.

केंद्रात वर्षभर मी पाहिलं, पुरुषांच्या वॉर्डात साठ जण असतात आणि बायकांच्या वॉर्डात चार-पाच. म्हणजे बायका व्यसन करत नाहीत असं नाही. त्या येत नाहीत. माझ्यावर चिठ्ठी लिहिली गेली नसती तर मीही आले नसते. म्हणून मी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मंडळाला विचारलं, रविवारी दुपारी मागची खोली द्याल का? सचिव पुंजाराम काका म्हणाले, "कायसाठी?" मी सांगितलं, व्यसन सोडू पाहणाऱ्या बायकांच्या मीटिंगसाठी. ते म्हणाले, "झाडून मात्र तुलेच घ्यावं लागन."

सत्तावीस ऑक्टोबरला सुरू केलं. सहा सतरंज्या घातल्या. दवाखान्यात, शाळेच्या फाटकावर, दळणाच्या गिरणीवर हातानं लिहिलेले कागद लावले. फक्त बायकांसाठी, नाव सांगायची गरज नाही. पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी एक बाई आली, ती शिवणक्लास समजून. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी मी एकटी दीड तास बसले. बाबा, खरं सांगते, चौथ्या रविवारी मला खूप एकटं वाटलं. अश्विनची आठवण आली, आणि तिच्या मागोमाग जुनी तलफही आली. मी वच्छलाताईंना फोन लावला, त्या आल्या, आम्ही दोघींनी सतरंज्या घडी केल्या. त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी घालशील?" मी म्हटलं, "घालीन."

आज पाचवा. सव्वातीन वाजले होते. दारात एक बाई उभी. चांगली साडी, खांद्याला पर्स, बँकेत किंवा शाळेत असावी. आत येईना. चपलाही काढेना. मला म्हणाली, "इथं खरंच नाव विचारत नाहीत?"

"नाही."

"मी माझ्या बहिणीसाठी विचारून राहिली."

"बरं."

"ती झोपेच्या गोळ्या घेते. तिचा मुलगा गेला दोन वर्षांपूर्वी. पहिले एक घ्यायची."

मी सतरंजीवर सरकून तिला जागा केली. ती बराच वेळ तशीच उभी होती. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग तिनं चपला काढल्या, नीट जोडीनं ठेवल्या आणि आत येऊन बसली. पर्स पोटाशी घट्ट धरलेली. म्हणाली, "बहीण नाही मला."

मी म्हटलं, "माझं नाव संध्या. माझा नवरा गेला आणि मी इंजेक्शनं घेत होते. आज तीनशे ब्याऐंशी दिवस झाले, मी घेतलेलं नाही. तुम्हाला पाहिजे तेव्हा बोला. नाही बोललात तरी चालतं."

ती बोलली, बाबा. पावणेदोन तास बोलली. पुंजाराम काका खोली बंद करायला आले, दारातून पाहिलं आणि कुलूप हातात घेऊनच परत गेले.

वच्छलाताईंना फोन करून सांगितलं, "एकच आली." त्या म्हणाल्या, "मग तुम्ही किती झाल्या?" मी म्हटलं, "दोघी." तर म्हणाल्या, "दोघी असल्या की मीटिंग होते, संध्या. झाली तुझी सुरू."

तुमची
संध्या